ताराबाई वाचतात तेव्हा

‘स्त्रीपुरुष तुलना’ची ओळख आपल्याला बहुतेक वेळा स्त्रीमुक्तीच्या धड्यात होते. मला मात्र ते वाचताना सारखं वाटत राहतं, की ताराबाई शिंदे आधी पक्क्या वाचक आहेत. हाती लागेल ते वाचणाऱ्या, आणि पटलं नाही तर तोंडावर सांगणाऱ्या.

निमित्त झालं १८८१ सालच्या एका खटल्याचं. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. त्यावरून ‘पुणेवैभव’मध्ये समस्त बायकांचा उद्धार सुरू झाला. ताराबाईंनी बुलढाण्याहून उत्तर लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत ९ आणे.

पण वर्तमानपत्राला उत्तर देता देता त्या थेट पुस्तकांच्या कपाटापाशी येतात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मनोरमा नाटक’, बायकांच्या कपटाच्या गोष्टी सांगणारं ‘स्त्रीचरित्र’. (‘मुक्तामाला’ आज शेवटापर्यंत वाचणं हे चिकाटीचं काम आहे. तेव्हा ती तुफान लोकप्रिय होती.) ताराबाईंचा सवाल सरळ आहे: या गोष्टींतल्या बायका तुम्ही कुठल्या गावात पाहिल्यात? आणि जे दुर्गुण त्यांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? पुराणंही सुटत नाहीत. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी तसा गेलेला एक तरी नवरा दाखवा, असं त्या विचारतात.

मराठीत तेव्हा पुस्तकांवर मतं छापून येत नव्हती असं नाही. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ पासून निघत होतं, चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. भाषा, शैली, बोध यांची चर्चा तिथे पुरुष करत होते. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांच्यातलीच एक ते वाचतेय, ही शक्यता फारशी कुणी धरलेली दिसत नाही.

मग व्हायचं तेच झालं. टीका झाली, सत्यशोधक मंडळींतूनही झाली. जोतीराव फुले १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. हेही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा वाचकांपुढे आलं.

तुम्ही ते उघडलंत तर कादंबऱ्या-नाटकांवरची पानं आधी वाचा. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक आहेत, पण राग कळायला शब्दकोश लागत नाही.