करमळीचे तळे आणि ब्रह्मकरमळी

रेणापूर-लातूरच्या बाजूस तळे कोरडे पडले म्हणजे दुष्काळ, असा आपला अनुभव आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. गोव्यात मांडवी व झुआरी यांच्या दरम्यान, तिसवाडीत, करमळी गावचे तळे मात्र परंपरेने हेतुपुरस्सर रिकामे करीत. पावसाळ्याच्या तोंडी दारे उघडून पाणी सोडावयाचे, मासे धरावयाचे, तळात भात लावावयाचे आणि कापणी होताच दारे बंद करून उरल्या पावसाचे पाणी वायंगण भातशेतीकरिता अडवावयाचे. हा सारा कारभार गावकरीचा, म्हणजे ग्रामसंस्थेचा.

पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० मध्ये घेतली. येथील गावकरीचे रिवाज १५२६ साली आफोन्सु मेशियाने लेखनिविष्ट केले. पुढे देवळांचा विध्वंस आरंभला, तेव्हा करमळीच्या ब्रह्मदेवाची चतुर्मुख पाषाणमूर्ती भाविकांनी सत्तरीच्या डोंगराळ मुलखात हलविली. सत्तरी त्या काळी पोर्तुगीज अंमलाबाहेर होती. मूर्ती जेथे स्थिरावली, त्या स्थळास ब्रह्मकरमळी म्हणतात.

केवळ 'करमळी' हे नाव दोन ठिकाणी आढळते, एवढ्यावरून स्थलांतर सिद्ध होत नाही. करमळ हा कोकणात सर्वपरिचित वृक्ष आहे, आणि वृक्षवाचक ग्रामनामे परस्परांशी संबंध नसतानाही ठिकठिकाणी उद्भवतात. (वडगाव व पिंपळगाव यांची गणती कोणी करावी?) येथे निर्णायक आहे ते पूर्वपद. 'ब्रह्म' जोडल्याने उत्तरपद झाडाचे न राहता गावाचे झाले: करमळीच्या ब्रह्मदेवाचे ठिकाण. ग्रामनामांचा अभ्यास करताना आपण बहुधा व्युत्पत्तीपाशीच थांबतो. समासाची घडण पाहिली, तर तीत इतिहास सापडतो.

१९२३ च्या लोकसंख्या-विनिमयानंतर आशिया मायनरमधील ग्रीक निर्वासितांनीही आपली ग्रामनामे बरोबर नेली. अथेन्सजवळील 'नेआ स्मिर्नी', अर्थात नवी स्मिर्ना, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे 'नवे' हे विशेषण पुरले. सत्तरीत ते काम देवाने केले.

मात्र करमळीत सर्वांनीच गाव सोडले नाही. देव व नाव हलविता आले, तळे हलविता येण्याजोगे नव्हते. ज्यांनी धर्म बदलला, त्यांचे गावकरीचे हक्क टिकले. संस्थेला पोर्तुगीज 'कोमुनिदाद' म्हणू लागले, तरी पाण्याची दारे तिच्याच हाती राहिली. गावाचे पोर्तुगीज लेखन 'कारांबोली' असे रूढ झाले. कोकण रेल्वेच्या स्थानकावर मात्र नाव आहे ते करमळी.