मुंबईच्या नावाचे रक्त

रक्त सर्वांचे लाल असले तरी ते सर्वांचे सारखे नसते, हे कळण्यासाठी 1901 साल उजाडावे लागले. त्या वर्षी व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्ताचे गट असतात हे दाखवून दिले. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील खुणांवरून ए, बी, एबी असे गट पडतात. ए आणि बी यांपैकी एकही खूण नसेल तर तो ओ. मग ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, अशी समजूत रूढ झाली.

या समजुतीला धक्का बसला तो मुंबईत. 1952 साली वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तविशेष प्रसिद्ध केला. या माणसांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ वाटे. परंतु त्यांचा रक्तद्रव ओ पेशींचेही पुंजके करी. जे जुळत नाही ते चूक म्हणून टाकून न देता त्याचा पिच्छा पुरविला, यातच या शोधाचे मोठेपण आहे.

कारण असे. ए आणि बी या खुणा 'एच' नावाच्या शर्करेच्या पायावर उभ्या राहतात. ओ गटात नुसता पाया असतो. मुंबई गटात पायाच नसतो. म्हणून त्या शरीराला ओ रक्तही परके. ते दिले तर पेशी फुटतात आणि रोग्याच्या जिवावर बेतते. त्याला मुंबई गटाचेच रक्त लागते.

आईबाप दोघांकडूनही हा दोष आला तरच हा गट होतो. त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत तो अधिक आढळतो. आपल्याकडे तर मामाची मुलगी करण्याची चाल जुनीच! मात्र त्यातच एक दिलासाही आहे: एकाला हा गट असेल तर सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला तो असण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणजे दाता कित्येकदा घरातच सापडतो.

मुंबईचे नाव असले म्हणून हे रक्त मुंबईतच वाहते असे नाही. केळापूर तालुक्यातील एखाद्या घरातही ते असू शकेल, आणि त्या घराला त्याचा पत्ताही नसेल. तेव्हा कागदावर 'ओ' लिहिले एवढ्याने निश्चिंत होऊ नये. रोग्याचा रक्तद्रव ओ पेशींशीही ताडून पाहिला गेला पाहिजे, आणि असा गट निघाल्यास भावंडांचीही तपासणी करून घेतली पाहिजे. भेंडे प्रभृतींनी दाखविलेली चिकाटी आपल्या वाट्याला एवढीच येते. पण एखादा जीव वाचवायला तेवढी पुरेशी आहे.