ड्यूको ते क्लिअर कोट

आपल्याकडे सुतार-पेंटर 'ड्यूको मारून देतो' म्हणतात ना, तो ड्यूको मूळचा गाड्यांचा! १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना ड्यूपाँटचा हा लॅकर लागला. त्याआधी ब्रशनं दिलेलं वार्निश वाळण्यात आठवडे जात. ड्यूको स्प्रेनं मारायचा आणि तो चटकन वाळायचा. पण वाळल्यावर निस्तेज दिसायचा, चकाकी घासूनच आणावी लागे. घासताना फडक्यावर रंग उतरे, म्हणजे काय निघतंय ते डोळ्यांना दिसायचं.

१९८०च्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअर कोट सर्रास आला आणि ही खूण गेली. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. कडांवर तर आणखीनच. रोटरी मशीन एका जागी रेंगाळलं की तो तापून जळतो. गेलेला थर पॉलिशनं परत येत नाही, अख्खा पत्रा पुन्हा रंगवावा लागतो.

म्हणून मी म्हणतो, आधी भंगारातून क्लिअर कोटवालं एखादं बॉनेट आणा. त्याच्या कडेवर मुद्दाम थर जाईस्तोवर मशीन चालवा. हाताला अंदाज आला की मग आपल्या गाडीकडे वळा. शेवटी, टेस्टिंग न करता आपण लाइव्ह सर्व्हरवर कोड टाकतो का?