रानभाज्यांची विद्या आणि ती राखणाऱ्या स्त्रिया

इतिहास म्हणजे राजांच्या स्वाऱ्या, तह आणि वंशावळी, अशी समजूत शाळेंतल्या पुस्तकांनीं लोकांच्या मनांत रुजविली आहे. परंतु ज्या वर्षीं पाऊस पडला नाहीं त्या वर्षीं माणसें कशावर जगलीं, हा प्रश्न कोणत्याहि तहाहून लहान नाहीं. आणि त्याचें उत्तर पुष्कळदां बखरींत न सांपडतां चुलीजवळ सांपडतें. कोणता कोंब केव्हां खुडावा, कोणता कंद किती धुवावा, कोणत्या वेलीला हात लावूं नये, ही विद्या महाराष्ट्राच्या डोंगराळ भागांत मुख्यतः स्त्रियांनीं राखली.

वऱ्हाडच्या दक्षिण अंगास अजिंठ्याच्या डोंगरांचे फांटे पसरले आहेत. त्याच मुलुखांत, वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत, किन्हीराजा हें गांव आहे. या बाजूच्या डोंगराळ वस्त्यांत आंध समाज पूर्वापार राहतो. जिल्ह्यांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत, कुणब्यांचीं गांवें आहेत. मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले कीं अशा मुलुखांतल्या बायकांची नजर बांधाकडे व माळाकडे वळते. तरोटा उगवतो, त्याचा पाला कोंवळा असतांनाच खुडावयाचा, शेंगा धरल्यावर तो निबर होतो. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीस वाघाट्याच्या भाजीनें सोडण्याची चाल आहे. या चालीमुळें वर्षांतून एकदां तरी ती कांटेरी वेल शोधावी लागे, आणि शोधतांना घरांतल्या मुलींनाहि ती ओळखूं येई. व्रताच्या निमित्तानें वनस्पतींचा एक धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरविला गेला.

ही विद्या वाटते तितकी सोपी नाहीं. कोंकणांत ज्याला कर्टोलें म्हणतात त्याला वऱ्हाडांत काटवल हें नांव आहे. या वेलींत नर निराळा व मादी निराळी. फळ धरतें तें मादीवरच. पावसाळा सरल्यावर वेल वाळून जाते, परंतु जमिनींत कंद जिवंत राहतो व पुढच्या पावसांत पुन्हां फुटतो. म्हणून जाणती बाई फळें तोडते, पण कंदाला हात लावीत नाहीं, आणि फळ देणारी वेल कोणत्या झुडुपाखालीं आहे हें वर्षभर ध्यानांत ठेवते. ठाण्याकडील आदिवासी स्त्रिया शेवळा हा खाजरा कोंब काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवितात. तसें न केल्यास घशाला खाज सुटते. रानांतील कडू कंद चकत्या करून, राखेच्या पाण्यांत उकडून व वाहत्या पाण्यांत ठेवूनच खाण्यालायक होतो. यांतली एकादी पायरी चुकली तर अन्नाचें विष व्हावयाचें. एवढें शास्त्र कागदावर न लिहितां, केवळ आईनें लेकीला व सासूनें सुनेला हातानें दाखवून टिकविलें, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.

या विद्येची खरी कसोटी दुष्काळांत लागली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर, १८८६ सालीं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतीविषयक पंचविसावा खंड निघाला. त्यांत डॉ. लिस्बोआ यांच्या परिश्रमानें उपयुक्त वनस्पतींचें वर्णन आलें असून दुष्काळांत लोकांनीं खाल्लेल्या वनस्पतींचीहि माहिती दिली आहे. काम मोलाचें होतें, यांत शंका नाहीं. परंतु तीं पानें, बिया आणि मुळें कोणी ओळखून आणलीं व कोणी निवडून हांडींत घातलीं, हें अशा यादीवरून कळत नाहीं. वऱ्हाडावर तर १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ कोसळले. १८९१ सालीं सुमारें २८ लाख ९७ हजार असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ सालीं २७ लाख ५४ हजारांवर आली. रानपाल्यानें सर्वांचे प्राण वांचले असें म्हणणें खोटें होईल. परंतु जेथें ज्वारीचें कणीस उभें राहिलें नाहीं तेथें लेंकरांच्या पोटांत जें कांहीं गेलें, त्यांत या ज्ञानाचा वांटा होता.

आज संकट निराळें आहे. वाशीम जिल्ह्यांत खरिपांत सोयाबीनचें पीक सर्वत्र पसरलें. पूर्वी निंदणाला गेलेल्या बायका केना, घोळ, कुंजरू उपटीत आणि त्यांतलें कोंवळें तें ओच्यांत घालून घरीं आणीत. एकाच कामांत शेत स्वच्छ होई व संध्याकाळची भाजी मिळे. आतां तणनाशकाचा फवारा मारला कीं निंदणहि नको आणि भाजीहि नाहीं. मजुरीचा खर्च वांचतो, हें खरें. शेतकऱ्यास त्याबद्दल दोष देतां येणार नाहीं. परंतु जिला आजी भाजी म्हणत असे तिला नात तण म्हणूं लागली, कीं त्या घरांतली विद्या एकाच पिढींत संपते.

ती टिकविण्याचा मार्गहि एका स्त्रीनेंच दाखविला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोलें तालुका आहे. हें अकोलें वऱ्हाडांतील अकोल्याहून निराळें. तेथील कोंभाळणें गांवच्या, महादेव कोळी समाजांतील राहीबाई सोमा पोपेरे यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. संकरित बियाण्यांच्या भरतींत त्यांनीं वालाचीं व भाज्यांचीं गांवठी बियाणीं जमवून जपलीं, इतर बायकांना वांटलीं, आणि बियाण्यांची पेढीच उभी केली. २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या विद्येला कालपर्यंत कोणी विद्या म्हणत नव्हतें तिचा तो सन्मान होता.

परंतु प्रत्येक गांवाला राहीबाई लाभेल असें नाहीं. किन्हीराजासारख्या गांवांतील शाळांनीं पावसाळ्यांतला एक दिवस मुलामुलींस वृद्ध बायकांबरोबर बांधावर न्यावें. कोणती भाजी, कोणत्या महिन्यांत, कोणता भाग खावयाचा, कसा शिजवावयाचा, हें वहींत उतरून घ्यावें. आणि आजीनें खूण पटवून दिल्यावांचून कोणतेंहि पान तोंडांत घालूं नये, हा नियम पाळावा. मात्र त्या वहींत भाजीच्या नांवाशेजारीं, ती जिनें दाखविली तिचेंहि नांव लिहावें. जुन्या याद्यांत जी जागा रिकामी राहिली ती अशानें भरून निघेल.