‘इतर हक्क’: शहापूर-मुरबाडच्या सातबाऱ्यातले अन्नवस्त्र

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी 1934 सालचा एक फेरफार सापडला. आजोबांच्या मृत्यूनंतरची ती नोंद. जमीन थोरल्या चुलत्यांच्या नावे, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून. वडील तेव्हा अज्ञान. आजीचे नाव कब्जेदारांत नव्हते. ते होते ‘इतर हक्क’ या रकान्यात, आणि पुढे एकच शब्द: ‘अन्नवस्त्र’. त्याखाली तगाईचा बोजा. आजी आणि सरकारी कर्ज एकाच रकान्यात बसवलेले पाहून मला संताप आला होता.

मी कायद्याचा विद्यार्थी नव्हे. जुने उतारे, फेरफार आणि कायद्याची पुस्तके वाचत जे शिकलो तेवढेच माझे भांडवल. या वाचनाने संताप पुरता गेला नाही, पण त्या एका शब्दाविषयीचे माझे मत मात्र बदलले.

मुरबाडहून वैशाखऱ्यामार्गे नाणेघाट चढले की वरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. अभ्यासक तो सर्वसाधारणपणे नागनिका राणीचा मानतात. विधवा राणीने यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणांची ती यादी आहे. आमच्या परिसरातला स्त्रीच्या संपत्तीचा हा बहुधा सर्वांत जुना लेख. पण राणीचे दान दगडात कोरले गेले म्हणून घाटाखालच्या कुणब्याच्या विधवेला काय मिळत होते, हे त्यावरून कळत नाही.

ते धर्मशास्त्रात आणि पुढे इंग्रजी न्यायालयांच्या निकालांत शोधावे लागते. महाराष्ट्रात मुख्यतः विज्ञानेश्वराची मिताक्षरा चाले. पण गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण यांसाठी न्यायालयांनी काही बाबतींत नीळकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ला वरचढ मानले. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातला हा सतराव्या शतकातला पंडित. मुंबई इलाख्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की बापाला मुलगा किंवा विधवा मागे नसेल तर मुलीला वारशाने आलेली मिळकत पूर्ण मालकीने मिळे. इतर प्रांतांत ती हयातीपुरती असे. विधवेला मात्र इथेही, मुलगा असताना, वाटा नव्हता. तिला होते अन्नवस्त्र. ही मेहेरबानी नव्हती. कुटुंबाच्या मिळकतीवरचा तो हक्क होता, आणि त्यासाठी ती कोर्टात जाऊ शकत होती.

1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंद सुरू झाली आणि 1913 मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामावली गेली. तोवर गावाच्या तोंडी असलेले नाते आता रकान्यांत मांडावे लागले. जमीन ज्याच्या ताब्यात तो कब्जेदार. ज्याचा ताबा नाही पण जमिनीवर काही येणे आहे, तो इतर हक्कात. कूळ, कर्ज, पाणवाट, विहिरीची पाळी आणि विधवा, सगळे उजव्या बाजूला. यात स्त्रीचे दुय्यमपण उघड दिसते. पण दुसरीही एक गोष्ट दिसते. जमीन आणि म्हातारपणाची भाकरी एकाच कागदावर होती. पोरांनी जमीन विकायला काढली तर घेणाऱ्याला आधी त्या म्हातारीचे नाव वाचावे लागे.

पुढची कहाणी या उजव्या रकान्यातून डाव्या रकान्यात जाण्याची आहे. 1937 च्या कायद्याने विधवेला मुलाइतका, पण हयातीपुरता वाटा दिला. 1941 मध्ये फेडरल कोर्टाने तो शेतजमिनीला लागू नसल्याचे सांगितले, तेव्हा मुंबई प्रांताने वेगळा कायदा करून तो शेतीलाही लावला. 17 जून 1956 ला हिंदू वारसा कायदा आला आणि हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. अन्नवस्त्रापोटी जमीनच ताब्यात दिली असेल तर तीही विधवेच्या मालकीची, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या तुलसम्मा प्रकरणात ठरवले. आमच्या आजीला जमीन तोडून दिलेली नव्हती. ती शेवटपर्यंत एक महिना चुलत्यांकडे, एक महिना आमच्याकडे अशी पाळीने जेवली.

कूळकायद्यानेही हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कूळ मालक झाले. पण जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला होता. ज्याचे पोट त्या खंडावर आहे त्याला एकदम उघड्यावर टाकू नये, हा विचार त्यामागे होता.

कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. 1956 चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. तिथे रूढी चालते. मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला वारसा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात म्हटले. वनहक्क कायद्याने तर 2006 मध्येच एक पाऊल पुढे टाकले होते. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारशाने जातो आणि विकता येत नाही. ज्या पाड्यावर सातबारा उशिरा पोचला, तिथल्या बाईचे नाव कागदावर आधी आले!

मुलींना महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. ही अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही, आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही हे ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट झाले. गावात मात्र बहिणी कितीतरी काळ ‘इतर हक्कात’ वारस म्हणूनच राहिल्या, नाहीतर साडीचोळी घेऊन, माहेर तुटू नये म्हणून हक्कसोड पत्रावर सही करत्या झाल्या. मग शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. त्याच्या भूसंपादनाने आणि वाढत्या भावाने भातखाचराच्या बांधाचा हिशेब बदलला. आता ती सही फार महाग झाली आहे.

वाटे मोजण्याच्या या धांदलीत अन्नवस्त्र हा शब्द मात्र कागदावरून निघून गेला. मालक झालेल्या स्त्रीला त्याची गरज उरली नाही, असे आपण समजलो. पण आज ओसरीवर बसलेले आई-वडील स्वतःच मालक आहेत आणि तेच जमीन देऊन मोकळे होतात. मुला-मुलींना शेतजमीन बक्षीस देण्याचे मुद्रांक शुल्क 2015 पासून अवघे 200 रुपये आहे. बक्षीसपत्र नोंदले की मालकी तत्क्षणी जाते. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. हा फरक न कळल्याने ताटाला पारखे झालेले एक जोडपे माझ्या नात्यातच आहे. मुलगा सकाळी आसनगावहून लोकल पकडतो, रात्री परततो. तो वाईट नाही. पण बोलण्यात ठरलेले कागदावर आले नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत घेता येते. मात्र तशी अट असायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये बजावले. जानेवारी 2025 च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात आईला जमीन परत मिळाली, ती मुलाने सांभाळण्याचे लिहून दिले होते म्हणून. याच कायद्याच्या 23 व्या कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मिळकतीतून पोटगी मिळण्याचा हक्क असेल आणि घेणाऱ्याला तो माहीत असेल, तर मिळकत विकली गेली तरी तो हक्क तिच्यामागे जातो.

घेणाऱ्याला तो माहीत कसा व्हावा? त्यासाठीच तर तो उजवा रकाना होता. म्हणून लेकींना डाव्या रकान्यात त्यांचा वाटा द्यावा. हक्कसोडीला आता सबब उरलेली नाही. आणि जमीन हयातीत द्यायचीच असेल तर खतात सांभाळाची अट लिहावी, तो हक्क फेरफाराने ‘इतर हक्कात’ चढवून घ्यावा.

आजीचा तो फेरफार मी जपून ठेवला आहे. तिला वाटा मिळायला हवा होता, हे माझे म्हणणे आजही तेच आहे. पण तिच्या नावापुढे तो शब्द लिहिणाऱ्या तलाठ्याने तिची भाकरी निदान सरकारदफ्तरी नोंदवली होती. आमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर आईसाठी तेवढेही लिहिलेले नव्हते.