वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पद्मिनीची पेट्रोल टाकी साफ कशी करतात?

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींमधून प्रीमियर पद्मिनी बाद झाली आणि सोशल मीडियावर निरोपाचे फोटो फिरले. टॅक्सी गेली, पण घरगुती पद्मिनी अजून बऱ्याच ठिकाणी आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी कुठे वाड्याच्या पडवीत, कुठे सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असते. मग एखाद्या दिवाळीत नातवाच्या मनात येतं, आजोबांची गाडी चालू करूया. नवी बॅटरी येते, ५ लिटर पेट्रोल ओतलं जातं आणि स्टार्टर मारला जातो.

नेमकं हेच करायचं नसतं. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ पंप ओढून घेतो, तो कार्बोरेटरपर्यंत जातो आणि तिथली जेटची भोकं मिलिमीटरभराच्या आसपास असतात. म्हणजे टाकी तर साफ करावी लागतेच, वर पंप आणि कार्बोरेटरही खोलावा लागतो. इंजिन जिवंत आहे का हे आधी पाहायचं असेल तर जाणकार मेकॅनिक टाकीची लाईन सोडवून, वेगळ्या छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल देऊन बघतात. जुनी टाकी तोवर बाजूला.

टाकीत इतक्या वर्षांत काय झालेलं असतं?

दोन वेगळ्या गोष्टी. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो. झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला, तर हा थर आहे असं समजा. दुसरी गोष्ट गंज. टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत-बाहेर करते. कोकण-मुंबईच्या दमट हवेतलं पाणी आत थेंबाथेंबाने जमतं आणि पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं. अर्धी रिकामी टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा लवकर गंजते ती यामुळेच.

गाडी कधी उभी केली, यावरही बरंच ठरतं. भारतात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याआधी उभी केलेली गाडी असेल तर आतलं पेट्रोल शिशाचं असू शकतं, आणि हे शिसं कातडीतूनही शरीरात जातं. हातमोजे इथे सक्तीचे. महाराष्ट्रात २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, आता ते प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि खाली बसतं. तो थर पत्र्याला साध्या पेट्रोलपेक्षा कितीतरी वाईट.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक

हा भाग घाईत असाल तरी वाचा. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के वाफ असेल तर ठिणगीने स्फोट होतो. आता हिशोब करा. ४० लिटरच्या टाकीत १.४ टक्के म्हणजे अर्ध्या लिटरच्या थोडी वर वाफ, आणि तेवढी वाफ जेमतेम ३ मिलिलिटर पेट्रोलपासून तयार होते. चहाचा एक चमचाही नाही! म्हणजे उलटी करून निथळलेली, ‘पूर्ण रिकामी’ टाकी अगदी स्फोटाच्या बेतात असू शकते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच कमी असते.

त्यामुळे भोक पडलेली टाकी तशीच उचलून वेल्डिंगवाल्याकडे नेणं हा सगळ्यात जीवघेणा प्रकार. ‘वास येत नाही आता’ याला काही अर्थ नाही, कारण सांध्यांत आणि त्या डिंकाच्या थरात पेट्रोल मुरलेलं असतं आणि आच लागली की बाहेर पडतं. झाळ लावायची असेल तर पेट्रोलच्या टाक्यांचंच काम करणारा कारागीर शोधा. टाकी नीट धुऊन, आतली हवा घालवून, पाणी किंवा निष्क्रिय वायू भरून मगच तो हात लावतो. तसं न करता थेट बर्नर पेटवत असेल तर टाकी घेऊन परत या.

बाकीची काळजीही याच हिशोबातून येते. काम उघड्यावर करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत सरपटत लांब जाते, म्हणून तळघरातलं पार्किंग किंवा गॅरेजचा खड्डा नको, शेजारी गॅस गिझर नको. बॅटरीच्या तारा आधीच काढून ठेवा. विडी-सिगारेटचं वेगळं सांगायला नको. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची आपल्याकडची सवय तर कायमची सोडा. घोटभर फुफ्फुसात गेलं तर गंभीर न्यूमोनिया होतो. हातपंप फार महाग नसतो.

प्रत्यक्ष सफाई

जुनं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत घेऊन १० मिनिटं ठेवलं की निदान समोर दिसतं. खाली वेगळा थर म्हणजे पाणी, तांबूस भुकटी म्हणजे गंज, गडद चहासारखा रंग म्हणजे डिंक.

मग टाकी गाडीखालून उतरवा आणि पेट्रोल गेजचा फ्लोट काढून घ्या. त्या भोकातून आत पाहायला बल्ब सोडू नका. आरशाने ऊन आत पाडलं की स्वच्छ दिसतं. बाहेरून अंगठ्याने दाबून पाहा. पत्रा कुरकुरत असेल, पापुद्रे निघत असतील, तर पुढचं काही करू नका. गंज काढल्यावर तिथे चाळणीच उरणार. दुसरी टाकी शोधणं किंवा बनवून घेणं स्वस्त पडतं.

पत्रा ठीक असेल तर पहिली धुलाई गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने. ३-४ वेळा, काठोकाठ भरून. पेट्रोल घालवणं हा तिचा उद्देश, म्हणून ती गाळायची नाही. यानंतरही चिकट थर उरला तर थिनर किंवा ॲसिटोन लागतं, आणि ते वापरलं की आगीचा धोका परत शून्यापासून सुरू होतो. मग पुन्हा साबणपाणी.

आता गंज. सुटे पापुद्रे पाडण्यासाठी टाकीत थोडं पाणी आणि मूठभर नट टाकून हलवतात. नट मोजून टाका आणि मोजूनच बाहेर काढा, आत राहिलेला एक नट पुढे वर्षभर खडखडत राहतो. उरलेल्या गंजाला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, उत्तम. ५ टक्के द्रावण पुरतं, म्हणजे ४० लिटर पाण्याला २ किलो. कोमट पाण्यात काम लवकर होतं, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो आणि तोही पेट घेतो. बाथरूम धुवायचं ॲसिड तासाभरात चकचकीत करतं म्हणून अनेक जण तेच सुचवतात. माझ्या मते ते टाळावं. गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि काम झाल्यावर टाकी दुप्पट वेगाने गंजते.

द्रावण काढलं की साधं पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा साधं. इथून पुढे घड्याळाशी शर्यत असते. उघडा पडलेला पत्रा बघता बघता नारिंगी व्हायला लागतो. शेवटचं पाणी कडकडीत गरम घ्या, म्हणजे पत्रा तापून लवकर सुकतो, आणि टाकी कडक उन्हात ठेवा. म्हणूनच हे काम पावसाळ्यात काढू नये. सुकल्यावर थोडं २टी ऑईल आत फिरवून घ्या, ते पुढे पेट्रोलमध्ये विरघळून जातं.

आतून इपॉक्सीचा लेप द्यावा का, यावर जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये कडाक्याचे वाद होतात. बारीक भोकं असतील तर तो उपयोगी आहे. पण किंचित गंज किंवा तेलकटपणा राहिला तर लेप सोलून निघतो आणि त्याचे तुकडे लाईनमध्ये अडकतात. शिवाय तो इथेनॉलला टिकणाराच हवा. धड टाकीला तो न देणंच बरं.

काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका. चालू गाडीतही टाकू नका. घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच ते द्यायचं असतं, जवळच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर वाट सापडते.

टाकी परत चढवताना रबरी नळ्या सगळ्या नव्या आणि इथेनॉलला चालणाऱ्या घ्या, पंपाचा पडदाही बदला. जुनं रबर आजच्या पेट्रोलने फुगतं आणि तडकतं, आणि गरम इंजिनाजवळ गळणारी नळी म्हणजे पुन्हा तोच आगीचा प्रश्न. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा. पहिले शंभरेक किलोमीटर तो रोज पाहायचा. त्यात तांबूस भुकटी दिसायची थांबली की टाकी साफ झाली.