सीपीआरची कुळकथा

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास भरून जगवणे, हे डॉक्टरांचे तंत्र, लोकांना ते मागाहून शिकवले गेले, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्याचे मूळ रुग्णालयाबाहेर सापडते. १७६७ साली कालव्यांच्या अ‍ॅम्स्टरडॅममध्ये नागरिकांनी बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी मंडळ काढले. वैद्य येईपर्यंत माणूस हातचा जाई, म्हणून उपाय काठावरच्यांनाच सांगायचे आणि वाचवणाऱ्याला बक्षीस द्यायचे, असे ठरले. त्या उपायांत तोंडाने श्वास भरणे होते, तसाच गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हा निरुपयोगी प्रकारही होता. १७७४ मध्ये लंडननेही असेच मंडळ उभारले. उपाय कच्चे होते, पण जो जवळ असेल त्याने हात लावावा, हा विचार पक्का होता.

बंद पडलेल्या हृदयाला मालीश करायचे तर विसाव्या शतकात बराच काळ छाती उघडावी लागे. साहजिकच ते शल्यविशारदांचे काम राहिले. ही मक्तेदारी मोडली ती विद्युत अभियंत्यांच्या प्रयोगशाळेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवन यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांना १९५८ मध्ये दिसले की, शॉक देण्यासाठी कुत्र्याच्या छातीवर जड इलेक्ट्रोड दाबले की नुसत्या दाबानेच रक्तदाब वाढतो. १९६० मध्ये शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह या दोघांनी लिहिले की, हृदयाच्या मालीशसाठी दोन हात पुरतात. तरीही आरंभी प्रशिक्षणाचा भर वैद्यकीय वर्तुळावरच राहिला. सिअ‍ॅटलमध्ये १९७२ पासून अग्निशमन दलाच्या साह्याने सामान्यांना शिकवणे सुरू झाले आणि १९७४ च्या अमेरिकी मानकांनी ते मान्य केले.

अडाण्याच्या हातून बरगडी मोडेल, हा आक्षेप खोटा नाही. तज्ज्ञाच्या हातूनही ती मोडते. पण बरगडी सांधते. हृदय थांबल्यावर मात्र सीपीआर आणि शॉक न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि कितीही चपळ रुग्णवाहिका पोचायला काही मिनिटे घेतेच. परक्याच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोचही रास्त आहे. म्हणून २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी नुसती छाती दाबण्याचा पर्याय पुढे ठेवला. राहिली पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती. रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला भारतात २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढाची छाती किमान पाच सेंटिमीटर दाबायची, एवढे शाळेतही शिकवता येते. रुग्णवाहिका वाढवणे आवश्यकच; पण त्या येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्याच्याच हाती असतात, म्हणून त्याचे प्रशिक्षण हा आरोग्यखात्याच्या खर्चाचा नियमित भाग हवा.